इमारत सात, दुसरा मजला

खिडक्या उघड्या ठेवल्या तर चित्र दिसत नाही,
लावून घेतल्या तर वर्ग उकडतो.
मानखुर्दला ऑक्टोबरात ढग शिकवायचे
तर आधी विचारावं लागतं, घाम की उजेड?
आठवी ब घाम निवडते. नेहमीच.

फळ्यावर चादर, माझ्याच घरची, निळ्या काठाची.
दोन मिनिटं अकरा सेकंदांचा व्हिडिओ.
कुठल्याशा परदेशी कुरणावर
क्युम्युलस उतू जाणाऱ्या दुधासारखा चढत जातो,
खालून सपाट, वरून फ्लॉवरचा गड्डा.
गड्डा हा शब्द प्रज्वल शेलारचा.
त्याचे वडील वाशीला पहाटे भाजीचे ट्रक उतरवतात.

मी थांबवते, मागे नेते, पुन्हा सोडते.
ढग स्वतःला गिळतो, पुन्हा उमलतो.
'बाई, अजून एकदा!'
ही दाद सिरसला नसते, स्ट्रॅटसला नसते,
फक्त त्या मागे जाण्याला असते.

मधल्या सुट्टीत गच्चीच्या जिन्यातून
पोरं वर बघतात आणि तक्रार घेऊन येतात,
'आपले ढग हलतच नाहीत. हँग झालेत.'

आता कसं सांगू, की त्या कुरणात
कुणीतरी सकाळपासून कॅमेरा रोवून बसलं होतं,
डबा खाल्ला असेल, डास मारले असतील,
आणि मग अख्ख्या दिवसाची घडी घालून
आपल्या हातात दोन मिनिटं ठेवली?
हवेचा दाब समजावता येतो.
घाईचा धडा पुस्तकात नाही.

म्हणून गृहपाठ दिला : घरचा फोन, आपलं आकाश,
चाळीस सेकंद.
हात हलवायचा नाही. गाणं लावायचं नाही.

सोमवारी एकतीस आकाशं आली.
एकात वायरीवरचा कावळा अडतीस सेकंद,
ढगाला उरलेले दोन.
एकात कचऱ्याच्या डोंगरावरचा धूर, खाली लिहिलेलं 'स्ट्रॅटस'.
अर्धा गुण कापला, मग परत दिला.
एकात आईचा आवाज, 'वर काय बघतोस, पाणी आलंय!'
तन्वेशने गाणं लावलंच होतं.
दोघांकडे फोन नव्हता. त्यांनी वहीत ढग काढला
आणि मधोमध चालू करायचा त्रिकोण.

करुणा धिवारचा शेवटी उघडला.
चाळीस सेकंद भिंत.
शेजारच्या इमारतीची, हात लांबवला तर लागेल अशी.
एक पाइप, सांध्यातून उगवलेला पिंपळ,
सिमेंटवर ओलीचे नकाशे.
'करुणा, आकाश सांगितलं होतं.'
मागे कुणीतरी फिसकन हसलं.
ती उभी राहिली.
'हेच आहे बाई. बारा ते साडेबारा तेवढं ऊन उतरतं.
पुन्हा लावा.'

पुन्हा लावला.
नवव्या सेकंदाला भिंत मऊ पडते.
पाइपची सावली विझते,
जणू तिच्यावरून कुणी ओलं फडकं फिरवलं.
सव्विसाव्याला परत येते, आधी पुसट,
मग सुरीसारखी.
पिंपळाची तीन पानं पुन्हा तीन होतात.

'गेला,' करुणा म्हणाली. 'लहान होता. क्युम्युलस.
सिरस असता तर सावली गेली नसती,
नुसती पातळ झाली असती.'

बारा वर्षं मी ढग शिकवते आहे,
मान वर करून.

बोट सवयीने मागे न्यायला सरकलं
तर प्रज्वल म्हणाला, 'नको बाई. जाऊ दे त्याला.'

तास संपला. चादर काढली, खिडक्या उघडल्या.
फरशीवर उन्हाचा चौकोन पडला.
पाणी प्यायला कुणी उठलं नाही.
एकतीस डोकी खाली, त्या चौकोनाकडे.

इतिहासाचे सर दारात येऊन थबकले,
कुणाचं काय हरवलंय ते त्यांना कळेना.
'थांबा सर,' आतून कुणीतरी म्हणालं,
'एक येतोय.'